सांजची गोळी

माळीवाड्याच्या स्टँडसमोरून सुटलेली शेअर रिक्षा पन्नास पावलंही गेली नसेल, तोच रामहरीच्या मानेमागं चांगुणा बोलली. रामहरी पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर, एका हातानं वरची दांडी धरून. रिक्षात बायका चढल्या की पुरुषानं उठून पुढं यायचं, हे नगरात कुणी कुणाला शिकवत नाही. मागं दोघी होत्या, दोन बोचकी होती, आणि त्यांतल्या एकीचा आवाज चांगुणाचा होता. चांगुणाचं तोंड त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवरची ही बाई गेली चार वर्षं महिन्यातून एकदा फोनवरून त्याच्या उजव्या कानात येऊन बोलायची आणि जायची. तिच्या फिटच्या गोळ्या दवाखान्याच्या पाथर्डीतल्या शिबिरातून तिचा नवरा न्यायचा, आणि रामहरी गुडघ्यांमुळं शिबिराला जात नसे. पण आवाज ओळखायचाच धंदा झालेला. किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी दम लागल्यागत खाली बसणारा तो आवाज ऐकताच त्याच्या चेहऱ्यावर आपोआप फोनवरचं हसू आलं. तो वळणारच होता. ‘ओळखलं का?’ असं विचारणार होता, आणि ती कशी दचकेल याची गंमतही मनात येऊन गेली होती.

“म्हैन्याच्या म्हैन्याला फोन येतो बघ त्या दवाखान्याच्या काकाचा,” चांगुणा सोबतच्या बाईला सांगत होती. “गोळी घेतली का, दोन्ही टायमाला घेतली का, जेवून घेतली का.”

“मंग तू काय सांगती?”

“व्हय म्हनती. दुसरं काय सांगू? व्हय म्हनलं की त्येचा आवाज निस्ता फुलतो. यकटं असंल बिचारं. घरी कुनी इचारीत नसंल त्येला. कशाला त्येच्या जिवाला लावायचं?”

“आन गोळी?”

“सकाळची घेती की. सांजची न्हाई. सांजचं जेवन म्या मोहट्याच्या देवीला सोडलंय न्हवं का, आकाडापसनं. फिट जाऊ दे म्हनलं, तवर एकच टाईम जेवंन. आन जेवल्याबिगर गोळी घ्यायची न्हाई, ह्ये त्येनंच सांगितलंय.”

“मंग फरक हाय का?”

“कुठला फरक. ह्या म्हैन्यात तीनदा पडले. बघू, नवस पुरा व्हया पायजे.”

रामहरीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं. ते काढून टाकायचं त्याच्या लक्षात आलं नाही, आणि ड्रायव्हरनं एकदा त्याच्याकडं पाहिलंसुद्धा. मान वळवायला किती लागतं? पण त्याची मान जागची हलेना. वळलं तर तिला कळेल की आपण ऐकलं, आणि आपल्याला कळेल की तिला कळलं. त्यापेक्षा समोर बघत राहावं. समोर एक टेम्पो होता, टेम्पोत कोबी होता, आणि रामहरी कोबीचे गड्डे पाहत होता. दिल्ली गेटला रिक्षा थांबली. ताडपत्री घ्यायचीय, सोमवारी गाडी निघणार, मुकादमानं निरोप धाडलाय, असं काहीबाही बोलत दोघी उतरल्या. मग त्यानं पाहिलं. पाठ दिसली. हिरवं लुगडं, खांद्यावर बोचकं, चालताना डावा पाय जरा आत पडतो. एवढीच चांगुणा त्याला दिसली आणि वेशीच्या गर्दीत मिसळली. सोमवारी, म्हणजे तीन दिवसांनी. तिथून पुढं सहा महिने कुठल्या तरी साखर कारखान्याच्या फडात ऊसतोड, हातात कोयता, पहाटे पाचटाच्या कोपीबाहेर पेटवलेली चूल, उसानं भरलेल्या गाडीवर चढणं-उतरणं. आणि संध्याकाळची गोळी नाही. रामहरीला हे सगळं एकदम दिसलं आणि तरी तो बसून राहिला, दवाखान्याचा थांबा गेला तरी बसून राहिला. ड्रायव्हर म्हणाला, “काका, रिक्षा इथनं माघारी फिरनार.” तेव्हा तो उतरला आणि उन्हातनं उलटा चालू लागला.

दवाखान्यात त्याची खोली म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. एक टेबल, एक पंखा, चार्जिंगला लावलेला दवाखान्याचा मोबाईल आणि एक जाड वही. वहीत दोनशे बारा माणसं. त्यांतल्या फारच थोड्यांना त्यानं पाहिलं होतं. बाकीची सगळी त्याच्या कानात राहत. अकोले तालुक्यातला एक मास्तर होता, राहात्याचा एक पेरूवाला, कर्जतची एक मुलगी जी फोन उचलला की आधी दार लावून घ्यायची. रामहरी तीस वर्षं खेड्यांतल्या दवाखान्यांत कंपाउंडर होता आणि निवृत्तीनंतर, बायको सत्यशीला गेल्यावर, हे काम मागून घेतलं होतं. फिटची गोळी एक दिवस चुकली तरी मेहनत वाया जाते, म्हणून आठवण करून देणारा माणूस पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले होते. आठवण करून देणं! रामहरीला वाटलं होतं, हे तर आपण जन्मभर करत आलो. प्रत्येक नावापुढं दोन चौकोन, सकाळ आणि संध्याकाळ, आणि ‘हो’ आलं की बरोबरची खूण. चांगुणाच्या नावापुढं त्यानं पान उलटत मागं पाहिलं. आश्विन, भाद्रपद, श्रावण, आषाढ, सगळीकडं दोन-दोन खुणा, एकसारख्या, सुबक. आपलं अक्षर चांगलं आहे याचा त्याला नेहमी अभिमान वाटायचा. आज त्या खुणांकडं बघवेना.

त्येचा आवाज निस्ता फुलतो. त्यानं स्वतःचा आवाज आठवून पाहिला. ‘वा, छान! असंच चालू ठेवायचं बरं का.’ हे तो दिवसातून आठ-दहा वेळा म्हणत असे आणि म्हणताना त्याला खरोखरच बरं वाटत असे, हे त्यानं आज कबूल केलं. सकाळी उठून त्यानं कुणाशी बोललेलं नसायचं. दूधवाला पिशवी अडकवून जायचा. दहा वाजता पहिला फोन, आणि पलीकडून पहिलं ‘हो’. त्या एका शब्दावर त्याचा दिवस उजाडायचा. इतकी वर्षं आपण लोकांची काळजी घेतोय अशा भ्रमात आपण होतो, आणि तिकडं माळावरची एक बाई, एका महिन्यात तीनदा फिट येऊन पडलेली, आपली काळजी घेत होती. याचं हसू यावं की रडू, ते त्याला ठरवता येईना. राग आला, तो मात्र स्पष्ट कळला. तिचा नाही. पण कुणाचा, हे कळेपर्यंत सत्यशीला समोर येऊन उभी राहिली.

सत्यशीलाला बीपीची गोळी होती. सकाळी चहाबरोबर एक. रामहरी पुढच्या खोलीत दाढी करता करता विचारायचा, “गोळी घेतली का गं?” आणि स्वयंपाकघरातनं यायचं, “घेतली.” अकरा वर्षं. त्यात एका दिवसाचा खंड नाही. ती जेव्हा न्हाणीघराच्या दारात कोसळली आणि पुन्हा उठलीच नाही, तेव्हा डॉक्टरनं विचारलं, गोळ्या नियमित होत्या का, आणि रामहरीनं छातीवर हात ठेवून सांगितलं, “एकही चुकलेली नाही साहेब, मी स्वतः विचारत होतो.” दहाव्यानंतर शर्टाचं बटण तुटलं म्हणून तिचा शिवणाचा डबा उघडला. डब्यात बटणं होती, आणि बटणांत त्याच मापाच्या पांढऱ्या गोळ्या होत्या. पाकिटं रिकामी दिसावीत म्हणून एकेक काढून टाकलेल्या. सगळ्या वर्षांच्या नसतील, पण पुष्कळ होत्या. त्यानं त्या मोजल्या नाहीत. मुलीलाही सांगितलं नाही. रात्रंदिवस एकच विचार करत राहिला, की ही खोटं का बोलली? गोळीनं पाय सुजायचे, असं ती एकदा म्हणाली होती खरी. त्यावर आपण काय म्हणालो होतो? “सुजू देत. घ्यायची म्हणजे घ्यायची.” पुढं तिनं पायांचा विषय काढला नाही. इतकं साधं होतं ते. पुढच्या खोलीतनं विचारलेल्या प्रश्नाला आतल्या खोलीतनं दिलेलं उत्तर. चार पावलं चालून जाऊन तिच्या तोंडाकडं बघितलं असतं, तर कळलं नसतं का? आज रिक्षात तर चार पावलंही नव्हती.

दुपारी डॉक्टर जेवून आले तेव्हा रामहरी त्यांच्या दाराशी उभा राहिला. डॉक्टर चाळिशीचे, घाईचे, पण मनानं चांगले. त्यानं चांगुणाची फाईल पुढं केली आणि उपवासाचं सांगितलं. रिक्षाचं सांगितलं नाही.

“मग काय झालं?” डॉक्टर फाईल चाळत म्हणाले. “हिची गोळी रिकाम्या पोटी चालते. पाण्याबरोबर घेऊ दे. पोटात गेली पाहिजे, एवढंच.”

“जेवल्याशिवाय नाही...”

“कोण म्हणालं? मी कुठं लिहिलंय तसं?”

कुणीच लिहिलं नव्हतं. कंपाउंडर असताना त्याला एक ठाम कळलं होतं, की गरिबानं रिकाम्या पोटी गोळी घेतली की पोटात आग पडते, आग पडली की तो गोळीला दोष देतो आणि सोडून देतो. म्हणून कुठल्याही पुडीबरोबर त्याचं वाक्य जायचं, ‘जेवल्याशिवाय नाही.’ चांगल्या हेतूनं बोललेलं, हजारो वेळा बोललेलं, गुळगुळीत झालेलं वाक्य. मराठवाड्याच्या शिवेपासून घाटमाथ्यापर्यंत दोनशे बारा घरांत त्यानं ते पोचवलं होतं. त्या घरांत एकादशी होती, चतुर्थी होती, नवरात्र होतं, रमजान होता, आणि भाकरी कमी पडली की बाईनं पाणी पिऊन निजणं होतं. ती माणसं अडाणी म्हणून चुकली नव्हती. त्यांनी रामहरीचं ऐकलं होतं. डॉक्टर म्हणाले, “काय झालं? बसा जरा, पाणी घ्या.” तो म्हणाला, “काही नाही साहेब,” आणि जिन्याखाली परत आला.

पाच वाजता त्यानं चांगुणाचा नंबर लावला. फोन नवऱ्यानं, बिभीषणनं उचलला. त्याच्या मागं कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता. “ती नगरला गेलीय काका, येस्टीत असंल. काय काम हुतं? गोळ्या चालू हायत्या तिच्या.” हे त्यानं इतक्या सहज सांगितलं, की रामहरीच्या लक्षात आलं, यालाही ठाऊक नाही. त्यानं नंबर आपल्या फोनमध्ये उतरवून घेतला आणि दवाखाना बंद झाल्यावर घरी आला. दिवा लावला. कूकर लावायला घेतला आणि तांदूळ तसेच ठेवून खुर्चीत येऊन बसला. फोन करायचा म्हणजे काय बोलायचं? ‘गोळी पाण्याबरोबर चालते, दोन्ही वेळा घ्या.’ एका वाक्याचं काम. ती म्हणेल, व्हय. आणि ते व्हय घेऊन आपण काय करणार? या घरात बसून त्या एका शब्दाची खरी-खोटी बाजू कशी कळणार? ती फडात कोसळेल, चुलीच्या कडेला पडेल, चाकाखाली येईल, आणि आपल्या वहीत दोन सुबक खुणा असतील. रामहरीला भीती वाटली. चार वर्षांत फोन हातात घेताना कधी वाटली नव्हती अशी.

साडेसातला तिनं स्वतः उचलला. मागं भांडी बांधल्याचा आवाज होता.

“कोन?”

“चांगुणाबाई, मी नगरहून, दवाखान्यातनं...”

“काका का? ह्यो नंबर येगळा हाय.” आणि त्यानं काही विचारायच्या आतच, नेहमीच्या सुरात, “घेतली काका गोळी, दोन्ही टायमाच्या घेती.”

त्याच्या घशात ‘वा, छान’ तयार होतं. सवय कुठं जाते? त्यानं ते गिळलं.

“सकाळी रिक्षात मी पुढं बसलो होतो,” तो म्हणाला. “माळीवाड्याहून. ड्रायव्हरच्या शेजारी.”

भांड्यांचा आवाज थांबला. मग वारा ऐकू आला. ती घराबाहेर आली असावी.

“मंग बोलला का न्हाई?”

“लाज वाटली.”

“तुमाला कशाची लाज? लाज मला वाटाया पायजे. तसं न्हवतं मला म्हनायचं काका. वाईट वाटून घिऊ नका.”

“तुम्ही बोललात ते खरंच आहे. पण फोन त्यासाठी केलेला नाही. चूक माझी झाली. जेवल्याशिवाय गोळी नको, हे डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं सांगितलं. आज त्यांना विचारलं. तुमची गोळी नुसत्या पाण्याबरोबर चालते. नवस आहे तसा राहू द्या.”

पलीकडं बांगड्या वाजल्या.

“आकाडापसनं,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच वाक्याच्या शेवटी खाली बसला नाही. “आकाडापसनं काका. श्रावणात पडले तवा धाकलं कडंला हुतं. त्येच्या कपाळाला चार टाके पडले. तुमाला सांगितलं न्हाई, म्हनलं कशाला. तुमी तवा लई जोरात सांगितलं हुतं, जेवल्याबिगर न्हाई म्हंजी न्हाई. आन आता म्हनता मनानं सांगितलं.”

“हो.”

“मानसानं काय धरून चालायचं मंग?”

पोराच्या कपाळावरचे टाके रामहरीच्या खुर्चीसमोर येऊन थांबले होते. माफ करा म्हणावंसं वाटलं, पण ते स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हटल्यासारखं झालं असतं, आणि बरं वाटण्याचा धंदा आज त्याला पुरे झाला होता. शेवटी त्यानं विचारलं, “आजची संध्याकाळची घ्याल?”

“घेती.”

“असं नाही. मला व्हय नकोय. नसेल घ्यायची, तर नाही म्हणा. मला त्यानं काही होत नाही.”

लांब कुठंतरी कुत्रं भुंकत होतं.

“न्हाई,” चांगुणा म्हणाली. “न्हाई घ्यायची मला.”

“का?”

हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की हा प्रश्न त्यानं आजवर कुणालाच विचारला नव्हता. वहीत त्याला जागाच नव्हती. सत्यशीलाला तर नाहीच.

चांगुणा आधी अडखळत बोलली. मग थांबेना. म्हणाली, सासू म्हणते, गोळी खाणारी बाई म्हणजे रोगी बाई. फडात नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाला कळलं की हिला गोळ्या लागतात, तर तो म्हणणार, ह्यो कोयता मोडका, नको आपल्याला. मागच्या वर्षी गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या, पिठाला किडे लागले आणि गोळ्याही वाया गेल्या. गोळी घेतली की सकाळी डोकं जड, उसाची मोळीवर मोळी टाकताना डोळ्यापुढं अंधार. हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “पर त्ये बी सोसलं असतं. मी डाक्टरला इचारलं हुतं, कवर घ्यायच्या? त्ये म्हनलं, बघू. चार सालं झाली, बघूच चाललंय. गोळीला शेवट न्हाई काका. नवसाला शेवट हाय. येक दिस देवीपुढं जाऊन सांगायचं, झालं, फिटलं. म्हून जीव तिकडं वढतो. सांगा, माझं काय चुकलं?”

डॉक्टरांचं उत्तर रामहरीला ठाऊक होतं, तीन वर्षं फिट आली नाही तर विचार करता येतो, असं काहीतरी. ते सांगता आलं असतं. पण ती तीन वर्षं गोळी न चुकवता मोजायची असतात, आणि ती आज, या आकाशाखाली, शून्यावर उभी होती.

“शेवट कधी आहे, मला माहीत नाही,” तो म्हणाला. “खोटं सांगत नाही. पण तुम्ही पडू नये असं मला वाटतं. फडात पडू नये. तुमचं सकाळी डोकं जड होतं, ते मी उद्या डॉक्टरांना सांगतो. आतापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना, कारण मी विचारलंच नव्हतं. आणि पीठ नाही, दुसरी जागा शोधू गोळ्या ठेवायला.”

चालल्याचा आवाज आला, दार, कुणाचं तरी “कोन हाय गं?” आणि तिचं “दवाखान्याचं काका.” मग पत्र्याचा डबा. मग पाकिटाचा कागद फुटल्याचा बारीक आवाज, आणि पाणी.

“आजची घेतली,” ती म्हणाली. “उद्याचं उद्या. उद्या न्हाई घेतली तर न्हाई म्हनंन.”

“म्हणा.”

“फोन करा मातर.”

“करतो.”

आता ठेवायला हरकत नव्हती. पण तिनं ठेवला नाही, आणि त्यानंही नाही. त्याच्या खोलीत दिवा होता, खुर्ची होती, ओट्यावर न शिजलेले तांदूळ होते. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी टीव्ही मोठा केला आणि पुन्हा लहान केला.

“काका,” चांगुणानं विचारलं, “तुमी जेवला का?”

“नाही,” रामहरी म्हणाला.

“का?”

त्यानं फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला. एकदा वाटलं, काहीतरी सांगून मोकळं व्हावं, भूक नाही वगैरे. मग सत्यशीलाच्या पायांना सूज यायची, तिथून त्यानं सांगायला सुरुवात केली.